चुकत चुकत लिहिलेलं कन्नड

आमच्या घरात सकाळी दोन आवाज एकदमच सुरू व्हायचे. बाहेर अंगणात अप्पा थापीला चिकटलेलं आदल्या दिवशीचं सिमेंट दगडावर खरवडत बसायचे आणि आत चुलीपुढं माय परातीत ज्वारीची भाकरी थापायची. त्या दोन आवाजांच्या मधून आमची म्हैस एकदा रेकायची आणि मग मी उठायची. अप्पा गवंडी. औरादच्या आसपासच्या पाच-सहा गावांत त्यांनी उभ्या केलेल्या भिंती होत्या. बसनं जाताना खिडकीतून बोट दाखवून ते म्हणायचे, "ती माझी, त्याच्या पल्याडची बी माझी." माय गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. घरोघर फिरून लेकरं गोळा करायची, त्यांची नाकं पुसायची, उप्पीट नाहीतर खिचडी शिजवायची, भांडी घासायची आणि दुपारी कुलूप लावून घरी यायची, असं तिचं काम. घरी आली की तिच्या लुगड्याला शिजलेल्या मुगाच्या डाळीचा आणि लहान लेकरांच्या तेलाचा वास यायचा. तो वास मला अजूनही मधूनच कुठंतरी येतो आणि मी चालता चालता थांबते.

गाव आमचं औरादपासून जवळ, सीमेच्या कन्नड बाजूला; आमची बौद्धांची वस्ती गावाच्या उगवतीला. घरी मराठी, बाजारात दखनी, भुसार दुकानात थोडी तेलुगू. कन्नड मात्र गावात राहायचं ते सरकारी कागदांवर आणि बसच्या पाटीवर. शाळा मराठी. कन्नडचा तास असायचा, पण तो आम्ही अक्षरं गिरवून आणि उत्तरं पाठ करून काढला. मला कन्नड अक्षरं सगळी यायची. वळणदार, गोल, जिलबीसारखी अक्षरं मी हौसेनं काढायची. त्यांतून वाक्य मात्र निघायचं नाही. मायचं नेमकं उलटं. तिचं माहेर भालकीच्या बाजूचं, त्यामुळं ती कन्नड घडाघडा बोलायची, म्हशीला तर रागावायचीसुद्धा कन्नडमध्येच. पण ती दहावीपर्यंत शिकली ती मराठीतून. कन्नडचं एक अक्षर तिला वाचता येत नव्हतं. एकाच घरात अर्धं कन्नड माझ्याकडं आणि अर्धं तिच्याकडं होतं, आणि हे आम्हा दोघींच्या लक्षात यायला मला एकदा सपशेल नापास व्हावं लागलं.

दहावीनंतर मी औरादच्या कॉलेजात नाव घातलं. तिथं हिंदी शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून भाषा कन्नडच घ्यावी लागली. सर चांगले होते, पण ते शिकवायचे ते ज्यांना कन्नड येतं त्यांना. मी शेवटच्या बाकावर बसून त्यांच्या ओठांकडं बघायची. वर्षाच्या शेवटी सगळे विषय निघाले आणि कन्नडमध्ये मला अकरा गुण पडले. शंभरात अकरा. निकाल बघून घरी आले आणि म्हशीच्या दावणीजवळ बसून रडले. अप्पा कामावरून आले. हातपाय न धुताच माझ्याशेजारी टेकले.

"कामून रडालीस?"

"कन्नड गेलं, अप्पा."

"कुठं गेलं?"

मला रडता रडता हसू आलं. ते गंभीरच होते. म्हणाले, "भिंत वाकडी झाली तर आमी काय रडत बसताव का? दोन थर काढायचे, वळंब्याचा दोरा सोडून सरळ बघायचं, परत चढवायचं. तुला वळंबा कोण दावतंय, त्येवढं बघ."

औरादला बसस्थानकाच्या मागं सलीमभाईचं दुकान होतं. झेरॉक्स, फोटो, अर्ज भरणं आणि चार कॉम्प्युटर. वीज गेली की तिथली बॅटरी कोंबडीच्या पिल्लासारखी चिवचिवायची आणि सलीमभाई ओरडायचे, "सेव्ह करो, सेव्ह करो!" मी फेरपरीक्षेचा अर्ज भरायला गेले होते. ते म्हणाले, "क्या बेटी, कन्नडा में फेल हुए? इत्ते लोगां इंटरनेट पे कन्नडा लिखतें, पढो ना. मुफत का है." दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा एका कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर त्यांनी मला बसू द्यायला सुरुवात केली. बदल्यात मी त्यांच्याकडं येणाऱ्या लोकांचे मराठी अर्ज टाइप करून द्यायची.

ब्लॉग म्हणजे काय हे मला तिथं कळलं. कलबुर्गीकडचा एक शेतकरी आपल्या तुरीबद्दल लिहायचा. कुठली तरी एक नर्स रात्रपाळीहून आल्यावर स्वतःसाठी काय रांधलं ते लिहायची. एक म्हातारा गृहस्थ रोज आपल्या नातीशी झालेलं भांडण लिहायचा. पाठ्यपुस्तकातल्या कन्नडला मी घाबरायची, पण हे कन्नड मला मायच्या बोलण्यासारखं वाटलं. शेतकऱ्यानं 'जोळ' लिहिलं की मला ज्वारी दिसायची, नर्सनं 'पुंडी पल्ल्या' लिहिलं की अंबाडीच्या भाजीचा आंबट वास यायचा. मी ते लेख छापून घरी न्यायची आणि संध्याकाळी चुलीपुढं बसून मायला वाचून दाखवायची. मला अक्षरं यायची, अर्थ ती सांगायची. मी एकेक शब्द जोडत वाचत असताना ती भाकरी उलटता उलटता म्हणायची, "आगं, थांबू नगंस. तसं तुटक कोण बोलतंय? एका दमात म्हण." मग तीच ते वाक्य एका दमात म्हणायची आणि माझ्या हातातली मेलेली अक्षरं उठून चालायला लागायची.

दोनेक महिन्यांनी मी स्वतःचा ब्लॉग काढला. नाव ठेवलं 'मनेमातु', म्हणजे घरची बोली. रोमन अक्षरांत टाइप केलं की पडद्यावर कन्नड उमटायचं. पहिला लेख लिहिला आमच्या म्हशीवर. ती संध्याकाळी घरी येते, रोज दूध देते, अप्पांवर तिचा फार जीव आहे, एवढंच. मायला न दाखवता, मोठ्या ऐटीत मी तो ब्लॉगवर टाकला आणि कन्नड शिकणाऱ्यांच्या एका फेसबुक गटातही चिकटवला. दुसऱ्या दिवशी बघते तर खाली पन्नासभर लोक हसत होते.

काय झालं होतं ते सांगते. मराठीत म्हैस ती असते, म्हणून मी लिहिलं होतं 'एम्मे बरुत्ताळे'. कन्नडमध्ये बाईमाणूस येतं तेव्हा 'बरुत्ताळे' म्हणतात. जनावर येतं ते 'बरुत्तदे'. म्हणजे आमची म्हैस चांगली पदर घेऊन घरी आली होती. त्याहून वाईट म्हणजे दुधाला कन्नडमध्ये 'हालु' म्हणतात, आणि टाइप करताना मी लहान एलऐवजी मोठा दाबल्यानं ते 'हाळु' झालं होतं. हाळु म्हणजे नासाडी. आमची म्हैस रोज सकाळ-संध्याकाळ नासाडी देत होती. लोकांनी त्याची चित्रं काढली होती. नाकात नथ घातलेली म्हैस, हातात बादली घेतलेली म्हैस. एवढ्यावर थांबले असते तर मीही हसले असते. पण एकानं लिहिलं होतं, 'हिला सीमेच्या पलीकडं पाठवा.' दुसऱ्यानं माझं आडनाव बघून काही तरी लिहिलं होतं, ते मी इथं लिहिणार नाही. मी कॉम्प्युटर बंद केला, सलीमभाईंना काही न सांगता उठले आणि आठ दिवस तिकडं फिरकले नाही.

आठव्या दिवशी सलीमभाई स्वतः कॉलेजच्या फाटकावर येऊन उभे राहिले. हातात छापलेला एक कागद. "तुमारे ब्लॉग पे कोई चिठ्ठी डाले. मेरे को कन्नडा पढने नई आता, मगर लंबी है. गाली इत्ती लंबी नई रहती." तो मजकूर लिहिणाऱ्यानं नाव दिलं होतं 'ओदुग', म्हणजे वाचक. माझ्या त्या दहा ओळींच्या लेखातल्या चौदा चुका त्यानं क्रमांक घालून लिहिल्या होत्या. प्रत्येकीपुढं बरोबर रूप आणि ते तसं का, याची एक ओळ. म्हैस बाई का नव्हे हेही होतं. हसणं कुठंच नव्हतं. शेवटी लिहिलं होतं: 'तंगी, मी कलबुर्गीच्या छापखान्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. मोठमोठ्या प्राध्यापकांच्या एका पानात याहून जास्त निघायच्या. तुझ्या अप्पांवर म्हशीचा जीव आहे ते वाक्य मला आवडलं. पुढं लिही.' तंगी म्हणजे धाकटी बहीण. आणि खाली होतं 'निन्न अक्का', तुझी थोरली बहीण; म्हणजे लिहिणारी बाई होती. मी त्या दिवसापासून तिला अक्का म्हणायला लागले.

हसणाऱ्यांचंही छापून घेतलं आणि घरी येऊन मी सगळं मायला वाचून दाखवलं. म्हशीला 'बरुत्ताळे' म्हटलं हे ऐकून मायचं हसू आवरेना. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "आगं, मला इचारलं का न्हाईस? शेंबडं पोरगं बी सांगितलं असतं." मग तिनं वाकून कागदाकडं बघितलं. त्या आडनावाच्या वाक्यावर माझं बोट होतं. तिला ते वाचता येत नव्हतं, पण मी ते गाळून पुढं गेले हे तिला कळलं होतं. म्हणाली, "हे काय हाय? सांग." मी सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी काढली, हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसली. "मला अक्षरं शिकव. उद्या कुणी असं लिहिलं तर मला तुझ्या तोंडाकडं बघाया लागू नये."

असे आमचे दिवस सुरू झाले. दर आठवड्याला एक लेख. विषय मायचे असायचे: अंबील कशी आंबवायची, लेकरू उप्पीट खात नसेल तर काय युक्ती करायची, भालकीच्या बाजाराला ती लहानपणी चालत कशी जायची. ती बोलायची, मी लिहून घ्यायची, दुपारी सलीमभाईंकडं जाऊन टाइप करायची. दोन-तीन दिवसांत अक्कानं काढलेल्या चुका यायच्या. चौदाच्या नऊ झाल्या, मग पुन्हा बारा, मग सात. अक्का कधी खोटं कौतुक करायची नाही. एकदा तिनं नुसतं लिहिलं होतं, 'हा लेख घाईत लिहिला आहेस. परत लिही.' मी परत लिहिला. हळूहळू इतर लोकही खाली लिहायला लागले. त्या नर्सनं मायच्या उप्पीटाची युक्ती करून बघितली. तुरीवाल्या शेतकऱ्यानं आमच्याकडचे आणि त्याच्याकडचे शब्द जोडीनं लिहून पाठवले. दुकानात लेख छापून त्यांवर अक्कानं दाखवलेल्या चुका मी लाल शाईनं उतरवायची आणि माय ते कागद अंगणवाडीत न्यायची. लेकरं झोपली की भिंतीला टेकून, जमिनीवर बोटानं अक्षरं गिरवायची. तिची अक्षरं माझ्यासारखी गोल यायची नाहीत. थोडी चौकोनी, विटा रचल्यासारखी यायची. अप्पा म्हणायचे, "ही माझ्या हाताखाली शिकल्यागत लिव्हालीय."

फेरपरीक्षेत मला कन्नडमध्ये अठ्ठावन्न पडले. अप्पांनी औरादहून जिलबी आणली. मला सगळ्यात जास्त आठवतो तो सलीमभाईंचा चेहरा. त्यांनी माझ्या गुणपत्रिकेची झेरॉक्स काढून दुकानाच्या काचेवर आतून चिकटवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. "ये देखो, मेरे दुकान में पढ्या सो बच्ची." आता मी स्वतः हायस्कुलात मुलांना कन्नड शिकवते. माझ्या मराठी घरांतल्या मुलांचा फोनवर एक गट आहे, तिथं ती रोज एक वाक्य बोलून पाठवतात आणि मी दुरुस्त करते. त्या गटाचा एकच नियम आहे, कुणाच्याही चुकीखाली हसण्याचं चित्र टाकायचं नाही. मुलांना तो नियम जरा जुनाट वाटतो. वाटू दे.

पण खरी परीक्षा माझी नव्हती. माझ्या फेरपरीक्षेच्याच वर्षी पावसाळा संपता संपता कार्यकर्तीबाई, म्हणजे अंगणवाडी चालवणाऱ्या मुख्य बाई, निवृत्त झाल्या. जागा रिकामी झाली. माय दहावी पास होती, मदतनीस म्हणून कितीतरी वर्षांचं काम होतं, पंचायतीतल्या एका बाईनं तिला अर्ज करायला सांगितलं. अर्ज गेला आणि गावात कुजबुज सुरू झाली. त्यामागचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. माय शिजवायची म्हणून काही घरची लेकरं अंगणवाडीत आपापला डबा घेऊन यायची. माय त्या लेकरांना मांडीवर घेऊन त्यांच्याच डब्यातलं भरवायची आणि घरी येऊन त्याबद्दल एक शब्द बोलायची नाही. आता तीच बाई खुर्चीवर बसणार, हे कुणाच्या तरी घशाखाली उतरत नव्हतं. पण तसं उघड कोण म्हणणार? गावातले एक वजनदार गृहस्थ पारावर म्हणाले, "बाई चांगली हाय, आमचं काय म्हणणं न्हाई. पर समदे कागद कन्नडात येत्यात. कन्नड वाचाया न येणारी बाई कशी चालंल?" त्यांना स्वतःला कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. दुसरा अर्ज त्यांनी महादेवीला करायला लावला. ती त्यांच्या भाऊबंदांची सून, मायसारखीच भालकीकडून आलेली, कन्नडमधून शिकलेली. दीड वर्षापूर्वीच लग्न होऊन पहिलटकरीण झालेली, तान्हं लेकरू कडेवर. तिला बिचारीला या कशातलं काही माहीत नव्हतं.

पर्यवेक्षिका मॅडम बीदरहून आल्या त्या एका सकाळी. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, वस्तीतले आम्ही जरा मागं. अप्पांनी त्या दिवशी कामावर खाडा केला होता आणि धुतलेलं धोतर नेसून ते माझ्याशेजारी अगदी ताठ बसले होते. मॅडम कन्नड बोलणाऱ्या, मराठी मोडकीतोडकी. त्या म्हणाल्या, कुणाला कन्नड येतं आणि कुणाला नाही हे मी ऐकीव बोलण्यावर ठरवणार नाही, दोघींनीही वाचून दाखवायचं. अंगणवाडीच्या भिंतीवर एक कागद कितीतरी दिवसांपासून चिकटवलेला होता. कडा पिवळ्या पडलेल्या, एका कोपऱ्यावर लेकरांनी खिचडीचा हात पुसलेला. मॅडमनी तोच काढून आणला.

महादेवीनं आधी वाचलं. झरझर, स्पष्ट, एका दमात. मलासुद्धा ऐकत राहावंसं वाटलं. वाचून झाल्यावर मॅडमनी मान हलवली. पारावरच्या गृहस्थांनी आजूबाजूला बघितलं. बायका मात्र पदर सारखा करत बसल्या होत्या. त्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं आणि कळेल अशी अपेक्षाही नव्हती.

मग मॅडम म्हणाल्या, "गयाबाई." माय उठली. कागद तिनं दोन्ही हातांत धरला आणि बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीत ती अडखळली. एक लांबलचक सरकारी शब्द होता, तो आमच्या कुठल्याच लेखात आला नव्हता. पुरुषांतून कुणी तरी हसलं. अप्पांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की त्यांच्या हाताचं सिमेंट मला टोचलं. मायनं तो शब्द पुन्हा पहिल्या अक्षरापासून जुळवला, मनात एकदा म्हटला आणि मग मोठ्यानं, बरोबर म्हटला. पुढच्या ओळी सावकाश गेल्या, पण गेल्या. सगळा कागद वाचून झाला. मदतनीसबाई कन्नड वाचतेय हे गाव पहिल्यांदाच बघत होतं.

मॅडम "बसा" म्हणणार एवढ्यात माय बायकांकडं वळली. "कळलं का काय लिव्हलंय त्ये?"

"आमाला काय कळतंय, माय," पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली.

"ह्यात लिव्हलंय, अंगणवाडीत जी लेकरं येत्यात, त्येंच्या आयांची समिती पायजे. दर महिन्याला त्या समितीनं आत यायचं, तांदूळ किती, डाळ किती, तेल किती, आपल्या डोळ्यानं बघायचं, आन मगच वहीवर सही न्हाईतर अंगठा द्यायचा. कुणी नुसतं कर म्हणलं म्हणून द्यायचा न्हाई."

म्हातारीनं आपला अंगठा वर करून बघितला. मग म्हणाली, "आगं गया, अंगठा तर आमी दर महिन्याला द्यायलोय की! त्यो कशावर?"

"ह्यावरच."

एकदम गलका झाला. सगळ्या बायका एकाच वेळी बोलायला लागल्या. कुणी म्हणत होती मला तर वाटलं लसीचा अंगठा, कुणी म्हणत होती मी तर न विचारताच देत आले. एक जण उठून थेट मॅडमच्या पुढं जाऊन उभी राहिली. "मॅडम, ह्यो कागद इतके दिवस भिंतीवर व्हता. आमाला आजपातूर कुणी वाचून दावला न्हाई. आमाला सांगणारी बाई पायजे." ती ज्या घरची होती, त्या घरचं लेकरू डबा घेऊन येणाऱ्यांतलं होतं. मी तिच्याकडं बघतच राहिले.

त्यानंतर मॅडमनी दोघींना झालेल्या सभेबद्दल दहा ओळी कन्नडमध्ये लिहायला सांगितल्या. माय सतरंजीवर मांडी घालून लिहीत बसली. मॅडमनी कागद घेऊन वाचला, पेन काढलं, दोन ठिकाणी गोल केला आणि विचारलं, "कन्नड शाळेत गेला नाही ना तुम्ही? मग कुठं शिकलात?" मायनं माझ्याकडं हात केला. "ही शिकली इंटरनेटवर लिहून, लोकांचं हसू झेलून. मी शिकले हिच्याकडून. आन आमा दोघीला शिकवणारी अक्का कलबुर्गीत हाय, तिला आमी अजून बघितलं न्हाई." मॅडमना हे नीट कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यांनी तो कागद घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवला. पारावरचे गृहस्थ तोवर उठून गेले होते.

परत येताना अप्पा माझ्या आणि मायच्या मधून चालत होते. वस्तीच्या तोंडाशी आल्यावर ते थांबले, मायकडं वळून म्हणाले, "त्या पयल्या ओळीत माझा जीव गेला व्हता बघ." माय म्हणाली, "माझा बी." आणि दोघं शाळकरी पोरांसारखी हसायला लागली. मी दुसऱ्या दिवशी सगळं ब्लॉगवर लिहिलं. त्या लेखाखाली अक्कानं चुका काढल्या नाहीत. त्यात चुका नव्हत्या असं मुळीच नाही, मी नंतर स्वतःच सहा शोधल्या. तिनं फक्त एवढंच लिहिलं, 'मी हा लेख शेजारपाजारच्या चौघींना बोलावून मोठ्यानं वाचून दाखवला.' पुढं कितीतरी वर्षांनी मी कलबुर्गीला तिच्या घरी गेले तेव्हा त्या चौघींतल्या दोघी भेटायला आल्या आणि मायची चौकशी करत बसल्या.

नेमणुकीचा कागद महिन्याभरानं आला. मायनं तो आधी स्वतः वाचला आणि मग आम्हाला वाचून दाखवला. लेकरांचे डबे लगेच बंद झाले असं सांगितलं तर ते खोटं होईल. काही घरांचे डबे दोन वर्षं येत राहिले, एका घरचा शेवटपर्यंत. पण आयांची समिती झाली, दर महिन्याला बायका पदर खोचून कोठीत शिरायला लागल्या, आणि ती म्हातारी अंगठा द्यायच्या आधी डाळीत हात घालून बघायची.

कार्यकर्ती म्हणून मायचा पहिला दिवस मला लख्ख आठवतो, कारण मी कॉलेज बुडवून तिच्याबरोबर गेले होते. तिनं नवं हिरवं लुगडं नेसलं होतं. लेकरं जमली, हजेरी झाली, प्रार्थना झाली. तेवढ्यात दारात महादेवी उभी राहिली, लेकरू कडेवर. आत येऊ का नको अशी. मला वाटलं आता ही काही तरी बोलून जाणार. माय खुर्चीवरून उठली. महादेवी कन्नडमध्येच बोलली, खाली मान घालून, भराभर. म्हणाली, या गावात येऊन दीड वर्ष झालं, घरात सगळे मराठी बोलतात, सासू काय म्हणते ते मला निम्मं कळतं, मी बोलले की नणंदा हसतात म्हणून मी बोलणंच सोडलंय. त्या दिवशी तुम्ही कागद वाचून बायकांना समजावून सांगितला तेव्हा सगळ्या तुमच्याभोवती बोलत होत्या आणि मी एकटी बाजूला होते. मग तिनं मान वर केली आणि मराठीत, एकेक शब्द शोधत म्हणाली, "बाई, मला... मराठी... शिकवतो का तुमी?"

'शिकवतो' ऐकून कोपऱ्यातलं एक पोरगं खुदकन हसलं. मायनं त्याच्याकडं नुसतं बघितलं, तसं ते गप्प झालं. मग तिनं महादेवीच्या कडेवरचं लेकरू आपल्याकडं घेतलं, सतरंजीवर तिला जागा करून दिली आणि फळ्याखालचा खडू उचलला.

"बस," ती म्हणाली. "आधी तुझं नाव लिहू."